डाव्या पापणीवरचा व्रण

१

तुमच्या घरात असं एखादं माणूस आहे का, ज्याचा फोटो कधीच बिघडत नाही?

आमच्या घरात भैरवी होती. माझी एकुलती एक लेक. नवा फ्लॅश आणला, नवा लेन्स आणला, की तिचे बाबा आधी तिलाच स्टुलावर बसवायचे. इतर पोरं फ्लॅशला दचकायची, ही पापणी हलवायची नाही. तिच्या प्रत्येक वाढदिवसाचा एक फोटो आमच्या दुकानाच्या काचेत आहे आणि बावीसच्या बावीस फोटोंत ती सरळ तुमच्याकडे बघते.

दुकान म्हणजे टिमकी वस्तीतल्या आमच्या घराची पुढची खोली. तिथे आधी माझ्या सासऱ्यांचा हातमाग होता. मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली आणि गिऱ्हाइकाचं स्टूल बरोबर त्याच जागी ठेवलं. भैरवीचे बाबा, ताराचंद, चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून मीच चालवते. पासपोर्टचे फोटो, लग्नाच्या बायोडाटाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो. बारावीपर्यंत शिकलेली बाई, पण हे काम मला येतं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत भैरवीला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. मी तिला बसवलं, फोटो काढला. डोळे मिटलेले आले. मी हसले, दुसरा काढला. मग तिसरा. एकवीस फोटो काढले आणि एकवीसही तसेच.

"आई, मी उघडेच ठेवले होते वं," ती म्हणाली.

मी म्हटलं कॅमेरा म्हातारा झाला. दहा वर्षं वापरलेला, शटर उशिरा पडत असेल. खिडकीशी उभी करून मोबाइलवर काढला. त्यातही मिटलेले. फॉर्मच्या वेबसाइटला हल्ली कॅमेऱ्यासमोर बसून तिथल्या तिथे फोटो द्यावा लागतो. तिथे लाल अक्षरांत सूचना यायची, की डोळे दिसत नाहीत. भैरवी पडद्याकडे टक लावून बघत होती. तिचे डोळे मला बाजूने स्वच्छ दिसत होते. पडद्यावर मात्र ती झोपलेली होती.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळ्यात खालची बारीक ओळ वाचायला लावली, तिने ती घडाघडा वाचली. नजर उत्तम आहे म्हणाले.

मग उरला फक्त कॅमेरा. नवा घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा मला खरं तर बरंच वाटलं. यंत्राचा दोष असला की माणूस सुटतो.

२

सीताबर्डीवर धम्मानंद म्हणून भैरवीच्या बाबांचे जुने ओळखीचे आहेत. वापरलेले चांगले कॅमेरे घेतात, साफ करून विकतात. मोठ्या दुकानात मुलं तोंडपाठ बोलतात, धम्मानंद आधी विचारतात की करायचं काय आहे.

मी सांगितलं, लग्नाची मोठी कामं मला झेपत नाहीत. चेहरे काढायचे आहेत. त्यांनी मला जास्त आकड्यांच्या मागे लागू नका म्हटलं. चोवीस मेगापिक्सेल पुष्कळ. कॅमेरा साधा चालेल पण लेन्स चांगला घ्या, चेहऱ्याला पंच्याऐंशी एमएमचा. आणि आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा घ्या, कारण तो डोळा स्वतः शोधतो.

त्यांनी एक काढून माझ्या हातात दिला. पडद्यावर एक बारीक हिरवी चौकट आली आणि धम्मानंदच्या उजव्या डोळ्यावर जाऊन बसली. ते मान वळवायचे, चौकट सोबत जायची. त्यांनी डोळा मिटला की ती नाहीशी व्हायची, उघडला की परत यायची.

"पाहा वहिनी," ते म्हणाले, "आमच्या घरी एवढं लक्ष माझ्याकडे कोणाचंच नसते."

मी कॅमेरा रस्त्याकडे वळवला. हेल्मेट घातलेल्या एका माणसाचाही डोळा चौकटीने शोधून काढला. मग भैरवीकडे वळवला.

चौकट आली, मोठी झाली, तिच्या पूर्ण चेहऱ्याभोवती थांबली. डोळ्यावर गेली नाही. धम्मानंदनी बटण दाबून बघितलं, एक सेटिंग बदललं, तिला उजेडात यायला सांगितलं. शेवटी म्हणाले, हा सेकंदाला वीस फोटो काढतो, माणूस किती वेळ पापणी मिटून ठेवील? त्यांनी तीन सेकंद बोट दाबून धरलं. भैरवी हसत होती, डोळे मुद्दाम मोठे केले होते तिने.

साठ फोटो. धम्मानंद एकेक पुढे सरकवत गेले. तिचं हसू वाढत गेलं, केसाची बट उडाली, परत बसली. पापण्या साठही फोटोंत खाली.

"पोरी, तू काहून मिटून राहिली?"

"मी नाही मिटले, काका."

त्यांनी कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला. मग म्हणाले, सॉफ्टवेअर जुनं असेल, नवं टाकून देतो. पण त्यांनी तो कॅमेरा भैरवीच्या हातात दिला नाही, माझ्या हातात दिला.

३

कॅमेरा घेतला तर कॉम्प्युटरही बदला, असं त्यांचंच म्हणणं होतं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर नवे फोटो उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागला असता. सोळा जीबी रॅम, एसएसडी, आणि मॉनिटर मात्र रंग खरे दाखवणारा. वहिनी, तुमचं सगळं काम नजरेचं आहे, मॉनिटरमध्ये कंजूषी करू नका. शिवाय एक यूपीएस, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

जुना कॉम्प्युटर बदल्यात घेतला त्यांनी. लोकांच्या लेकीबाळींचे फोटो दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून मीच बजावलं, की डिस्क पूर्ण पुसून टाका. लग्नांचे आणि आमच्या घरचे फोटो मी आधी काढून ठेवले. गेलेल्या माणसांच्या फाइली घेतल्या नाहीत. ते काम एकदाच होतं, परत कोणी मागायला येत नाही.

नवा मॉनिटर लावला आणि धम्मानंदच्या दुकानातले ते साठ फोटो मी त्यावर उघडले. एवढा मोठा, एवढा स्पष्ट चेहरा मी माझ्या लेकीचा कधी पाहिला नव्हता. मी डोळ्यांजवळ गेले, आणखी मोठं केलं.

डाव्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, एक वाटोळा व्रण होता. कांजिण्यांचा असतो तसा, तांदळाच्या कणीएवढा.

मी भैरवीला हाक मारली, ट्यूबखाली उभी केली आणि डोळे मिट म्हटलं. तिची पापणी स्वच्छ होती. तिला कांजिण्या कधी आल्याच नाहीत.

"काय पाहून राहिली वं आई?"

मी तिला काही नाही म्हणून परत पाठवलं. पण तो व्रण मला ओळखीचा होता. जानेवारीत मी त्या पापणीसमोर एक पूर्ण दिवस बसले होते.

४

जानेवारीत चंदन नावाचा मुलगा आला होता. हिंगण्याला कारखान्यात कामाला, ड्युटीच्या शर्टावरच मोटरसायकलवरून आलेला. त्याची बायको पिंकी तापाने गेली होती. चोवीस वर्षांची. तेरवीसाठी मोठा फोटो हवा होता. त्याच्या मोबाइलमध्ये तिचे बारा-तेरा फोटो होते आणि सगळ्यांत डोळे मिटलेले.

"काकू, तिची सवयच होती," तो म्हणाला. "कॅमेरा दिसला का मिटलेच. आम्ही हसायचो तिले."

आमच्या धंद्यात यावर एक उपाय आहे. डोळे उसने घ्यायचे. भावाचे, बहिणीचे, आईचे. जुळतील ते घ्यायचे आणि बसवायचे. भैरवीचे बाबा ते ब्रशने करायचे, मी कॉम्प्युटरवर करते. त्यांची एकच पद्धत होती. डोळे त्याच घरातले पाहिजेत. नसतील तर मिटलेलाच फोटो द्यायचा आणि गिऱ्हाइकाची समजूत घालायची. मी कधी कारण विचारलं नाही. मला वाटायचं, चेहरा जुळावा म्हणून.

पिंकीला बहीण नव्हती. आई लहानपणीच गेलेली, भाऊ फोन उचलत नव्हता. तेरवी दुसऱ्या दिवशी होती. आणि चंदनचं तोंड बघून मला समजूत घालायचं सुचेना. माझ्यासमोर भैरवीचा पासपोर्ट फोटो उघडा होता. आकार जुळत होता, उजेडाची दिशाही जुळत होती.

घाईत माझ्याकडून एक चूक झाली. कॉपी करण्याऐवजी मी कट केलं, आणि पिंकीच्या फाइलसोबत तीही फाइल सेव्ह झाली. भैरवीच्या त्या फोटोत डोळ्यांच्या जागी दोन पांढरी छिद्रं राहिली. मी स्वतःवरच चिडले, नंतर नीट करू म्हणून फाइल बंद केली आणि विसरले.

पिंकीच्या डाव्या पापणीवरच्या त्या व्रणावर मी उसनी पापणी चढवली होती. शेवटी तो पूर्ण झाकला गेला. चंदनने फ्रेम दोन्ही हातांत धरून समोर घेतली. म्हणाला, हिनं मला पहिल्यांदाच पाहिलं.

५

पिंकीची ती फाइल परत मिळाली असती तर मी डोळे उचलून पुन्हा भैरवीच्या फोटोत ठेवले असते. हे वेडेपण आहे, मला कळत होतं. तरी मी धम्मानंदना फोन केला.

ते म्हणाले, "वहिनी, तुम्हीच म्हटलं होतं पूर्ण पुसा. तीनदा पुसली डिस्क. आता देव आला तरी निघणार नाही त्यातून काही."

फॉर्मची तारीख निघून गेली. भैरवीने अभ्यासाची पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली, त्याचंच मला जास्त लागलं. ती वाळत चालली होती. दुपारी पोळी हातात धरून बसायची. मी रागावले, तेव्हा तिने सांगितलं की तिला महिन्यापासून झोप नाही.

"डोळे मिटले का अंधार होत नाही, आई."

मी विचारलं, मग काय होतं?

"एक खोली दिसते. वरून. जशी मी कपाटावर बसली आहे." ती पोळीचे तुकडे करत सांगत होती. "निळी भिंत आहे. कूलरवर फुलांची चादर टाकून ठेवली आहे. एक म्हातारी वाती वळत बसते. मधातच माझ्याकडे पाहून बोलते, पण ऐकू येत नाही. आणि एक माणूस येतो ड्युटीवरून, जेवतो, आणि मग माझ्यासमोर उभा राहतो. खूप वेळ उभा राहतो. मले मान वळवता येत नाही, आई. आणि तिथे डोळे मिटताही येत नाहीत."

मी तिला चंदनबद्दल कधीच सांगितलं नव्हतं. जानेवारीत तो आला तेव्हा ती क्लासला गेलेली होती. मी स्वतःला म्हटलं, तिने फाइल पाहिली असेल, मनात राहिलं असेल. पण फाइलमध्ये फक्त चेहरा होता. कूलर नव्हता.

६

मी पत्ता काढून हिंगण्याच्या रस्त्याला गेले. कॅमेरा सोबत घेतला. का घेतला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. धम्मानंदनी एवढं भरवशाचं यंत्र दिलंय, ते काय म्हणतं बघू, असंच काहीतरी.

दुपारचे बारा वाजले असतील. चंदन ड्युटीवर होता. त्याची आई जनाबाई दारात आल्या, मी फोटोवाली म्हटल्यावर त्यांनी आत घेतलं. पाणी दिलं.

भिंत निळी होती. कूलरवर फुलांची चादर होती. जमिनीवर परातीत कापूस आणि वळलेल्या वाती. समोरच्या कपाटावर, छताच्या जवळ, पिंकीची फ्रेम होती.

मी तिकडे बघायचं टाळून बोलत राहिले. जनाबाई सांगत होत्या की सून जिवंत होती तेव्हा मान खाली घालूनच वागली, कोणाच्या नजरेला नजर दिली नाही.

"आता पाहते वं बाई," त्या म्हणाल्या. "मी वाती वळतो अन् तिच्याशी बोलतो. घरात कोणी आहे असं वाटते. चंदन तर तिच्यासमोरून हलत नाही."

मी म्हटलं, काचेवर चकाकी येते आहे, एक फोटो काढून बघते. कॅमेरा डोळ्याला लावला. हिरवी चौकट आली. ती थेट फ्रेमवर गेली आणि डाव्या डोळ्यावर बारीक होऊन बसली. छापील फोटोवरही बसते, हे मला माहीत होतं. धम्मानंदच्या दुकानातल्या कॅलेंडरवरही बसली होती. यंत्राला काय कळतं, कागद काय आणि माणूस काय.

मग ती नाहीशी झाली, आणि परत आली.

मला वाटलं, कॅमेराच हलला असेल. तो दाराच्या कडेला टेकवला, दोन्ही हातांनी दाबून धरला. चौकट स्थिर होती. मी मनात मोजत होते. सात मोजल्यावर ती पुन्हा गेली आणि पुन्हा आली. फार लवकर, जेवढ्यात एक पापणी पडून उघडते तेवढ्यात.

मी कॅमेरा खाली केला. फ्रेममधले डोळे जिवंत माणसासारखे ओले होते का, हे मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

जनाबाईंना सांगितलं, कागदावर डाग पडायला लागलाय, घरी नेऊन नीट करून देते. त्यांनी फ्रेम लगेच दिली नाही. पदराने काच पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. उद्या संध्याकाळच्या आत आणून दे, म्हणाल्या. चंदन डबल ड्युटीवर गेलाय, उद्या संध्याकाळी आला आणि ती जागेवर नसली तर त्याला काय सांगू.

फ्रेम मी छातीशी धरून, तोंड माझ्याकडे करून आणली. शहर बस भरलेली होती. एवढ्या लोकांनी भैरवीकडे बघावं असं मला वाटेना.

७

घरी भैरवी पलंगावर बसली होती, भिंतीला पाठ लावून. मी आत येताच म्हणाली, "आई, तुझी साडी दिसून राहिली होती. फक्त साडी. बसभर."

मी फ्रेमची काच काढली. फोटो मी जानेवारीत मॅट कागदावर छापला होता, कारण चकचकीत कागदावर चेहरे परके वाटतात. मॅट कागद रंग धरतो. भैरवीच्या बाबांचे ब्रश अजून होते, तीन नंबरचा आणि एक नंबरचा, आणि पाण्यातल्या रंगांची पेटी. कॉम्प्युटरमधून काढता येत नाही, पण झाकता येतं. मला एवढंच हवं होतं, की माझ्या पोरीला डोळे मिटल्यावर अंधार मिळावा. फॉर्म जाऊ दे, नोकरी जाऊ दे. तिने झोपावं.

फाडायची हिंमत झाली नाही. जाळायची तर त्याहून नाही. ते डोळे माझ्या लेकीचे होते. मला वाटलं, मिटवणं हे सगळ्यात हळुवार आहे. लहान होती तेव्हा मी रोज तिच्या कपाळावरून हात फिरवून तिचे डोळे मिटवायचे.

दुपारचे चार वाजले होते. मी कपाळाचा रंग बघून तसा रंग कालवला. आधी उजवी पापणी केली. वरून खाली, पातळ थर, एक वाळला की दुसरा. मग डावी. कोपऱ्यातला तो व्रणही मी आठवून परत केला, कारण पिंकीचं ते पिंकीला द्यायला पाहिजे होतं. शेवटी पापण्यांची काळी रेघ, एक नंबरच्या ब्रशने. चांगलं काम झालं होतं. इतकं चांगलं मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

आतल्या खोलीतून भैरवीचा आवाज आला.

"आई. अंधार झाला वं."

मी जाऊन बघितलं. ती आडवी झाली होती, डोळे मिटलेले, तोंडावर हसू. म्हणाली, काहीच नाही दिसून राहिलं, किती बरं वाटते. वाक्य संपायच्या आत तिला झोप लागली. संध्याकाळी जेवायला उठवलं नाही मी. तिच्या पायाशी बसून राहिले आणि इतक्या दिवसांनी मलाही हलकं वाटलं. जनाबाईंना काय सांगायचं ते उद्या बघू, असं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भैरवी उठली. खिडकीकडे तोंड करून पलंगावर बसली. मार्चचं ऊन तिच्या उघड्या डोळ्यांत सरळ पडत होतं आणि तिने पापणी हलवली नाही. ती म्हणाली, "आई, सकाळ व्हायला किती वेळ आहे?" मी बाहेरच्या खोलीत गेले, वाटीत पाणी घेतलं, कापूस भिजवला आणि फोटोवरच्या पापण्या पुसायला लागले. रंग निघाला. त्याच्या खाली, डोळ्यांच्या जागी, कागद पांढरा होता.